तीन खाती आणि एक चुकलेली नोंद



मागच्या महिन्यात मंडळाच्या बैठकीनंतर दोघीतिघींनी मला गाठलं. "एका जागी बसून तुम्ही तीन-तीन ठिकाणी लेख कसे पाठवता? आम्हालाही शिकवा ना." शिकवायला माझी काहीच ना नाही. पण ते शिकवायचं तर गेल्या वर्षी दशलक्षण पर्वात माझ्या हातून काय घडलं तेही सांगावं लागेल. ते लपवून नुसती बटणं सांगितली तर तो अर्धा हिशोब होईल.

आधी माझी तीन खाती कोणती ते सांगते. पहिलं म्हणजे तुम्ही वाचता तो हा ब्लॉग. तो ब्लॉगरवर, म्हणजे गुगलच्या जागेवर आहे. दुसरी आपल्या महिला मंडळाची साइट. ती वर्डप्रेसवर असून भाड्याने घेतलेल्या जागेत चालते. तिसरं खातं वर्डप्रेस डॉट कॉमवरचं, पूर्ण खाजगी. ते फक्त मी आणि माझी लेक वाचतो. (वर्डप्रेस आणि वर्डप्रेस डॉट कॉम यांत पुष्कळजणींचा घोळ होतो. पहिला हा प्रोग्रॅम आहे, तो आपण आपल्या जागेत बसवायचा. दुसरी तयार भाड्याची खोली, सगळी व्यवस्था त्यांची.) या तिसऱ्या ठिकाणी मी मनातलं लिहून ठेवते. कुणाचा राग आला, कुणाचं बोलणं लागलं, की ते तिथे उतरवून मोकळी होते.

गेल्या वर्षी मंडळाने ठरवलं की पर्वाच्या दहा दिवसांत रोज एका धर्मावर छोटा लेख साइटवर टाकायचा. काम माझ्याकडे आलं. आमच्याकडे पावसात वीज जाते, नेट तर त्याच्याही आधी जातं. साइटवर लिहिता लिहिता दोनदा सगळा मजकूर गेला. तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, तू कॉम्प्युटरवरच लिहीत जा. नेट आलं की तिथूनच पाठवायचं. त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम असतो." त्याने ओपन लाइव्ह रायटर टाकून दिला. मूळ हा मायक्रोसॉफ्टचा विंडोज लाइव्ह रायटर. डिसेंबर २०१५ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला केला गेला, म्हणून नावात 'ओपन' आलं. विंडोजवर चालतो आणि पैसे पडत नाहीत. मॅकवाल्यांसाठी मार्सएडिट म्हणून असाच एक आहे, तो विकत घ्यावा लागतो.

असा प्रोग्रॅम म्हणजे आपल्या घरचं टेबल. लिहायचं इथे आणि पाठवायचं तिथे. त्यासाठी प्रत्येक ठिकाणाशी त्याची ओळख एकदा करून द्यावी लागते. 'खातं जोडा' म्हटलं की तो विचारतो, ठिकाण कोणतं, पत्ता काय, नाव काय आणि पासवर्ड काय.

भाचा म्हणाला, "मेन पासवर्ड देऊन टाक, मिनिटाचं काम आहे." माझा हात थांबला. मंडळाच्या साइटचा मुख्य पासवर्ड म्हणजे सगळ्या कपाटांची एकच किल्ली. मी बी.कॉम. झाले त्या काळी आम्हाला शिकवलं होतं की बँकेत सहीचा अधिकार द्यायचा तर कुणाला आणि कशापुरता ते लिहून द्यायचं. लेख पाठवणाऱ्याला लेख पाठवण्यापुरताच अधिकार हवा. आपले साधू-साध्वीदेखील कुठे उतरायचं तर जागेच्या धन्याची परवानगी घेऊन, तेवढ्याच जागेत राहतात. दिलं नाही ते घ्यायचं नाही, हे अचौर्य. मला वाटतं त्याची दुसरी बाजूही आहे. लागतं त्याहून जास्त देऊन समोरच्याला मोहात पाडायचं नाही.

शोधलं तर मुख्य पासवर्ड न देताही काम होईल अशी सोय निघाली. वर्डप्रेसमध्ये डिसेंबर २०२० च्या ५.६ आवृत्तीपासून 'ॲप्लिकेशन पासवर्ड' मिळतो. साइटवर आपल्या प्रोफाइलच्या पानावर खाली खाली जायचं. तिथे प्रोग्रॅमला एक नाव द्यायचं. मी 'घरचा कॉम्प्युटर' असं दिलं. बटण दाबलं की चोवीस अक्षरांचा पासवर्ड येतो, चार-चार अक्षरांचे सहा गट पाडलेला. तो एकदाच दिसतो, परत दिसत नाही, म्हणून लगेच उतरवून घ्यायचा. या पासवर्डने प्रोग्रॅमला लेख पाठवता येतात, पण साइटच्या नेहमीच्या दारातून कुणाला आत शिरता येत नाही. शेवटचा कधी वापरला ती तारीख यादीत दिसते. नको झाला तर तेवढाच रद्द करता येतो, मुख्य पासवर्डाला धक्का लागत नाही. साइटचा पत्ता मात्र एचटीटीपीएसने सुरू होणारा हवा.

वर्डप्रेस डॉट कॉमवर असाच पासवर्ड सुरक्षिततेच्या पानावर मिळतो, पण आधी दोन पायऱ्यांची तपासणी चालू करावी लागते. ब्लॉगरचं वेगळं आहे. तिथे प्रोग्रॅमला पासवर्ड द्यायचाच नसतो. गुगलचं पान उघडतं, हा प्रोग्रॅम अमुक करू पाहतोय, परवानगी देता का, असं विचारतं. आपण 'हो' म्हणायचं. पुढे कधी मन बदललं तर गुगल खात्यात जाऊन ती परवानगी काढून घेता येते.

दोन अडचणी आल्या, त्या तुम्हालाही येतील म्हणून सांगते.

पहिली, मंडळाची साइट जोडलीच जाईना. नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी 'जोडता येत नाही' असंच येई. कारण असं निघालं की हे प्रोग्रॅम वर्डप्रेसमध्ये 'एक्सएमएल-आरपीसी' नावाच्या मागच्या दाराने शिरतात. वर्डप्रेसमध्ये ते दार २०१२ पासून मुळात उघडं असतं. पण त्या दारावर बाहेरचे लोक पासवर्ड आजमावत बसतात, म्हणून साइट सांभाळणारे ते पुष्कळदा बंद करून ठेवतात. आमच्याही साइटवर ते बंद होतं. विचारल्यावर उघडून मिळालं.

दुसरी अडचण घड्याळाची. साइटच्या सेटिंगमध्ये वेळ आपली नव्हती, ग्रिनिच प्रमाणवेळेवर ठेवलेली होती. साइटच्या पानावरून सकाळी सहाची वेळ घातली की लेख साडेअकराला प्रसिद्ध होई. सेटिंगमध्ये 'कोलकाता' निवडलं आणि ते साडेपाच तासांचं अंतर गेलं.

आणि एक सावधगिरी. खातं जोडताना हा प्रोग्रॅम विचारतो, साइट कशी दिसते ते कळावं म्हणून एक तात्पुरता लेख टाकून लगेच काढून घेऊ का? 'नाही' म्हणा. लेख लगेच निघेल हो, पण ज्या साइटवरून सभासदांना ईमेल जाते तिथून ती जाऊन बसेल. मी त्या वेळी 'नाही' म्हटलं आणि स्वतःला फार शहाणी समजले. प्रसिद्ध झालेला लेख काढता येतो पण गेलेली ईमेल परत येत नाही, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तरीही पुढचं घडलं.

पर्वाचा तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा. आर्जव म्हणजे सरळपणा, मनात, बोलण्यात आणि करण्यात एकच असणं. दुसऱ्या दिवशी रात्रीच मी तो लेख लिहून वेळ लावून ठेवला. मग नवीन कागद उघडला आणि माझ्या खाजगी वहीसाठी लिहायला बसले, कारण त्या संध्याकाळी माझं डोकं तापलेलं होतं.

आमची धाकटी जाऊ खालच्या मजल्यावर राहते. तिचा रात्रीभोजन त्यागाचा नियम आहे, तो तिने चार लोकांसमोर महाराजांकडे घेतलेला. त्या रात्री मी विरजण मागायला खाली गेले तर ही ओट्यापाशी उभी राहून बिस्किटं खात होती. मला पाहून डबा मागे सरकवला. मी काही बोलले नाही, पण वर येऊन लिहिलं. काय लिहिलं ते सगळं इथे देत नाही. सार एवढंच की मंदिरात पुढच्या रांगेत बसायचं आणि घरात दिवा लागल्यावर डबे उघडायचे, असा दुटप्पीपणा आमच्याच घरात आहे. नाव नव्हतं. पण 'आमची धाकटी जाऊ' असं लिहिल्यावर नाव लागतं कशाला?

लिहून झालं, बटण दाबलं आणि हलकी होऊन झोपायला गेले.

शेवटचा लेख मी मंडळाला पाठवला होता, त्यामुळे निवडलेलं खातं मंडळाचंच राहिलं होतं. वर नाव दिसत होतं, मी पाहिलं नाही. माझी खाजगी वही मंडळाच्या साइटवर प्रसिद्ध झाली आणि सगळ्या सभासदांना ईमेलने गेली. अर्ध्या तासात अध्यक्षा ताईंचा फोन आला. "अहो, हे काय टाकलंत?" माझे हातपाय गार पडले. मी लेख काढला. पण ईमेल तोवर सगळीकडे पोचली होती. जाऊही सभासद आहे.

कॉलेजात हिशोबाच्या चुकांचे प्रकार शिकले होते. रक्कम बरोबर, बाजू बरोबर, पण नोंद एकाऐवजी दुसऱ्याच्या खात्यात गेली तर ती 'एरर ऑफ कमिशन'. तिची गंमत अशी की तेरीज तरीही जुळते. ताळा बरोबर येतो, म्हणून चूक दिसत नाही. त्या रात्री मी स्वतःला समजावत होते की मजकूर खरा होता, फक्त खातं चुकलं. म्हणजे माझी तेरीज जुळत होती.

सकाळी अभिषेकाच्या आधी खाली गेले. जाऊ बाहेरच्या खोलीत बसली होती, डोळे सुजलेले. मी म्हटलं, "अगं, माझं चुकलं. ते तिथे जायचं नव्हतं."

ती म्हणाली, "अक्का, कुठे जायचं होतं ते नका सांगू. लिहिलं तर तुम्हीच ना?"

मला उत्तर नव्हतं. मग तिने जे सांगितलं ते मला सात-आठ महिने त्याच घरात राहून ठाऊक नव्हतं. तिला इन्सुलिन सुरू झालं होतं. रात्री साखर एकदम खाली जायची, हात थरथरायचे, घाम सुटायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं की असं झालं की ताबडतोब साखर पोटात गेली पाहिजे, नाहीतर शुद्ध हरपेल. ती महाराजांकडेही जाऊन आली होती आणि औषधापुरती सूट घेऊन आली होती. त्या रात्री साखरेचं पाणी पिऊन झालं होतं आणि वर दोन बिस्किटं खात होती.

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?" मी विचारलं.

"लोक काय म्हणतील म्हणून. आणि काल तुम्ही तेच म्हणालात."

मी तिथेच जमिनीवर बसले. सासूबाई गेल्यापासून या घरात मोठी मी. तिने डबा मागे सरकवला तेव्हा 'काय गं, बरं नाही का?' एवढं विचारायला मला पाच सेकंद लागली असती. ते विचारलं नाही आणि वर जाऊन तीनशे शब्द लिहिले. म्हणजे चूक खात्याची नव्हतीच. नोंदच खोटी होती. खाजगी वहीत गेली असती तरी खोटीच राहिली असती, फक्त कुणाला कळलं नसतं.

मी म्हटलं, "मी साइटवर सगळं खरं लिहिते, तुझी क्षमा मागते." ती घाईने म्हणाली, "नको अक्का. माझ्यावर आता आणखी काही लिहू नका. माझा आजार मला चव्हाट्यावर नको." क्षमा मागायच्या उत्साहातही मी तिचंच गुपित उघडं करायला निघाले होते. शेवटी तिच्याशी बोलून दोन ओळी टाकल्या. काल रात्री माझा एक मजकूर चुकून गेला, तो न तपासता लिहिलेला आणि चुकीचा होता, दोष सर्वस्वी माझा आहे, सर्वांची क्षमा मागते. हिशोबाच्या वहीत चुकलेली नोंद खोडायची नसते, दुरुस्तीची नवी नोंद घालायची असते. ती माझी दुरुस्तीची नोंद.

पर्वात मंदिरात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय समजावून सांगतात, दहा दिवसांत दहा. सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा. दरवर्षी ऐकते. सत्याणुव्रताचे पाच अतिचार लहानपणी पाठ केलेत, त्यात एक रहोभ्याख्यान, म्हणजे दुसऱ्याने एकांतात केलेली गोष्ट उघड करणं. इतकी वर्षं मला वाटायचं की सत्य म्हणजे खोटं न बोलणं. पण दुसऱ्याचा एकांत उघडा करणं हा सत्यव्रताचाच दोष म्हणून मोजलाय, हे त्या दिवशी मान खाली घालून ऐकलं. जाऊ माझ्या शेजारी बसली होती. ती आपणहून येऊन बसली, हे तिचं मोठेपण.

पाच समितींतली आदाननिक्षेपण समिती आपण मुनींची म्हणून शिकतो. वस्तू उचलताना आणि ठेवताना जागा नीट पाहायची, जीव दुखावू नये म्हणून. कमंडलू ठेवताना ते जमीन पाहतात. मी लेख ठेवताना जागा पाहिली नाही.

आता माझी मांडणी कशी आहे ते सांगते, तुम्हीही अशीच ठेवा.

खाजगी वही मी या प्रोग्रॅममधून काढून टाकली. तिचा ॲप्लिकेशन पासवर्डही रद्द केला. आता त्या प्रोग्रॅमात दोनच खाती आहेत, आणि दोन्ही चार लोकांनी वाचायचीच आहेत. मनातलं लिहायला साधी कागदाची वही घेतलीय. तिला 'प्रसिद्ध करा' असं बटण नाही.

मंडळाला आता मी थेट प्रसिद्ध करत नाही, 'मसुदा म्हणून पाठवा' हेच वापरते. लेख साइटवर जातो, पण दिसत नाही. अध्यक्षा ताई वाचतात आणि मग सोडतात. वर्डप्रेसमध्ये प्रत्येकीला वेगळा अधिकार देता येतो. 'कॉन्ट्रिब्यूटर' असेल तर तिला लिहिता येतं, प्रसिद्ध करता येत नाही, पण फोटोही चढवता येत नाहीत. 'ऑथर'ला स्वतःचं दोन्ही करता येतं. ताई मला ऑथरच ठेवायला तयार होत्या. मीच म्हटलं, कॉन्ट्रिब्यूटर करा. फोटो त्या लावतात.

प्रोग्रॅममध्ये अशीही सोय आहे की वर्ग निवडला नसेल तर पाठवण्याआधी तो आठवण करून देतो. ती मी चालू केली. दोन्ही ठिकाणचे वर्ग वेगळे आहेत. मंडळाकडे 'पर्व', 'सूचना', 'पाठशाळा' आणि इथे 'स्वयंपाकघर', 'घर', 'व्रत'. (ब्लॉगर वर्गाला लेबल म्हणतो.) वर्ग निवडायला गेलं की आपण कुणाच्या घरात उभ्या आहोत ते कळतं.

प्रत्येक ठिकाणाला, प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड. कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला की त्याचा पासवर्ड रद्द, परत आला की नवा. मंडळात पदाधिकारी बदलल्या की जुन्यांची परवानगी त्याच दिवशी काढायची. यात अविश्वास नाही. हिशोब हातात देताना किल्ल्याही द्यायच्या असतात, एवढंच.

आणि रात्री काहीच पाठवायचं नाही. सूर्यास्तानंतर आपण जेवत नाही, कारण अंधारात काय पोटात जातंय आणि कोणता जीव मरतोय ते दिसत नाही. रात्रीच्या रागालाही समोरचं दिसत नाही. लिहिलेलं सकाळी वाचते, मगच पाठवते. निम्म्या वेळा पाठवावंसंच वाटत नाही.

हा लेख आठ दिवसांपूर्वी लिहून झाला होता. तो मसुदा म्हणून ठेवून मी खाली गेले आणि जाऊला म्हटलं, "तू वाच. नको म्हणालीस तर काढून टाकते." तिने चष्मा लावून सावकाश वाचला. एक वाक्य काढायला सांगितलं, ते काढलं. आजाराचं राहू दे म्हणाली. "अक्का, आपल्यात आणखी कितीजणी अशा लपवून खात असतील. इन्सुलिन घेणारीने न सांगता उपवास करू नये, तेवढं नक्की लिहा."

तर तेही लिहिते. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर उपवास, एकाशन किंवा रात्रीचा नियम धरण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि गुरूंनाही सांगा. घरात एकीला तरी सांगून ठेवा. आणि आपण ती घरातली मोठी बाई असू, तर आधी विचारा.

पाठवण्याआधी वर खात्याचं नाव दोनदा पाहिलं आहे.

जय जिनेंद्र.